कान घरचा, हात परका

पखवाज वाजवायला बसण्याआधी कणीक मळावी लागते. गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढंच. तेल नाही, मीठ नाही. पोळीच्या कणकेपेक्षा ही थोडी सैल हवी आणि मळायची मात्र जास्त, कारण वाद्याच्या डाव्या तोंडाला तिने घट्ट धरून राहायचं असतं आणि वर थापा सोसायच्या असतात. ओल्या बोटांनी पुडीचा, म्हणजे तोंडावरच्या कातड्याचा, मधला भाग पुसून घ्यायचा, गोळा तिथे दाबायचा आणि अंगठ्याने कडेकडे पसरत न्यायचा. मध्ये जाड, कडेला पातळ. मग तळव्याने एक थाप द्यायची आणि ऐकायचं. कणीक कमी पडली तर आवाज वर राहतो, पोकळ येतो; जास्त झाली तर तो दबतो आणि गुंजत नाही. चिमूटभर काढायची, चिमूटभर लावायची, पुन्हा थाप. डावी बाजू उजवीच्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली बसली की दोन्ही तोंडं एकमेकांशी बोलायला लागतात. वाजवून झालं की सगळी कणीक खरवडून पुडी कोरडी करून ठेवायची. राहिली तर ती वाळून कातडं ताठ करते आणि उंदीर पुडी कुरतडतात.

माझ्या गुरुजींच्या लेखी शिकवणी इथूनच सुरू होते. सुरुवातीचे कित्येक दिवस त्यांनी मला एकही बोल दिला नाही. कणीक लावायची, काढायची, पुन्हा लावायची. ते पाठमोरे बसून थाप ऐकत आणि म्हणत, “अजून उतरवा, ताई.” किंवा, “आता फार झाली.” त्यांना पुडी दिसत नसे आणि दिसायची गरजही नसे.

गुरुजी माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत. दहा-अकरा वर्षांचे असताना ते मराठवाड्यातल्या गावाहून आळंदीला आले आणि तिथेच वाढले. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. ज्ञानेश्वरी, गाथा आणि कीर्तन शिकवणारा तिचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आजही चालतो. तिच्या आसपास पुढे कितीतरी लहानमोठ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या अनेकांत मुलं गायन आणि मृदंग शिकतात. पहाटे इंद्रायणीच्या बाजूने चालत गेलं तर खोल्याखोल्यांतून एकच बोल वेगवेगळ्या लयींत ऐकू येतो. या मुलांचा हात हाडं कोवळी असताना तयार होतो. मी चाळिशी ओलांडल्यावर सुरू केलं. पहिल्या दिवशी मी गुरुजींच्या पाया पडले, तेव्हा तेही वाकून माझ्या पाया पडले. वारकऱ्यांत ही रीतच आहे, पण शिकणारीला सुरुवातीलाच इतका मान मिळाला की तो पेलण्याची जबाबदारी येते.

पखवाज आमच्या घरात होता. आजोबा दिंडीत वाजवायचे. आमचं गाव फलटण तालुक्यात, तरडगावजवळ, त्यामुळे दर आषाढात माऊलींची पालखी आमच्याच रस्त्याने जायची. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण व्हायचं आणि आम्ही पोरं सकाळपासून तिथे जागा धरून उभी राहायचो. लांबून नुसता टाळांचा कल्लोळ कानावर यायचा. दिंडी जवळ आली की त्या कल्लोळाच्या आतून पखवाज वेगळा व्हायचा. रथापुढच्या 27 आणि मागे कितीतरी, अशा दिंड्या एकामागोमाग जायच्या. प्रत्येकीचा अभंग वेगळा, लय वेगळी. एक दिंडी पुढे सरकून दुसरी अजून पोचायची असताना मधल्या जागेत दोन पखवाज एकमेकांत मिसळायचे. आपले पाय कोणत्या लयीवर चाललेत हे कळेनासं व्हायचं आणि मग नवी दिंडी आपल्याला ताब्यात घ्यायची. माझा कान या रस्त्यावर तयार झाला.

हात मात्र झाला नाही. मुलींनी डोक्यावर तुळस घ्यावी, फार तर टाळ वाजवावेत. मला पखवाजाला कोणी मनाई केली नव्हती. मनाई करायची वेळ यावी इतका तो विषयच घरात कधी निघाला नव्हता. आजोबा गेल्यावर वाद्य खुंटीला राहिलं. वडिलांनी ते उतरवलं नाही, वाजवलंही नाही. मी ते शहरात आणलं तेव्हा उजवी पुडी उसवलेली, डावी उंदरांनी खाल्लेली आणि वाद्या कोरड्या पडून तडकलेल्या होत्या. खोड तेवढं शाबूत होतं. शिसवी, सुमारे दोन फूट लांब, आतून कोरलेलं, उजवीकडे निमुळतं आणि डावीकडे रुंद.

ते घेऊन मी पंढरपूरला एका कारागिराकडे गेले. पखवाज शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पुडी भरताना पाहायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. बकऱ्याच्या कातड्याचा मुख्य पडदा, त्याच्या कडेने दुसऱ्या कातड्याची चाट, आणि दोन्ही बांधून ठेवणारा वादीचा विणलेला गजरा. मग उजव्या पुडीवर शाई. लोखंडाचा बारीक कीस आणि शिजलेल्या भाताची खळ यांचं काळं मिश्रण बोटाने एक पातळ थर लावायचं, गुळगुळीत दगडाने घोटायचं, सुकू द्यायचं, पुन्हा थर, पुन्हा घोटणं. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान गोलाचा, म्हणजे शाई मध्ये जाड होत जाते. घोटताना तिच्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते पडायलाच हवं. ही अखंड कडक चकती राहिली तर पडदा लवचीकपणे हलणार नाही; भेगांमुळे ती हजार तुकड्यांची होते आणि कातड्याबरोबर डोलते. कारागीर प्रत्येक थरानंतर बोटाने टिचकी मारून ऐकत होते. मापं घ्यायचं कसलंही साधन त्यांच्याजवळ नव्हतं.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच शाईचं विज्ञान शोधलं. साधा ताणलेला गोल पडदा वाजवला तर त्याच्या निरनिराळ्या कंपनांची प्रमाणं एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात, म्हणून जगातले बहुतेक ढोल नाद देतात पण स्वर देत नाहीत. रामन आणि त्यांचे सहकारी एस. कुमार यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की मृदंग आणि तबल्याच्या मध्यावर चढवलेलं हे वजन त्या कंपनांना जागेवर आणतं आणि तंतुवाद्यासारखे सुरेल उपस्वर निर्माण होतात. 1934 च्या सविस्तर निबंधात रामन यांनी पडद्यावर बारीक वाळू पसरून, बोट कुठे टेकलं की कोणता भाग थरथरतो आणि कोणता स्थिर राहतो याच्या आकृत्याही दिल्या. वादकाचं बोट पडद्याला नुसतं वाजवत नाही, नको असलेली कंपनं ते थांबवतंही. हे वाचल्यावर मला माझी अडचण पहिल्यांदा नीट समजली.

ती अडचण ‘ता’ची होती. जुळलेली बोटं उजव्या पुडीच्या किनारीजवळ पडतात आणि पडताक्षणी उठतात. इतकाच हा बोल आहे. नीट पडला तर तो खणखणीत गातो आणि खोलीत थोडा वेळ टिकतो. माझी बोटं निमिषभर जास्त रेंगाळत, आणि जे कंपन गायला निघालेलं असे त्यालाच दाबून टाकत. निघे तो ‘टप्प’ असा मेलेला आवाज. उचलायची घाई केली तर बोटं पोचण्याआधीच परत फिरत आणि आवाज पातळ येई. जोर लावला तर हाताला सूज, आवाज तसाच. तळहाताच्या कडेला आधी लाली आली, मग घट्टा पडला, मग तो घट्टा फुटून नवा आला. आठवडेच्या आठवडे फक्त ‘ता’.

या काळात मला जे सगळ्यात जड गेलं ते दुखणं नव्हतं. ज्याने हे वाद्य आयुष्यात कधी ऐकलं नाही, त्याला आपला मेलेला ‘ता’ कदाचित बरा वाटू शकतो; चार दिवसांनी थोडा सुधारला तर आनंदही होतो. मला ती सवलत नव्हती. माझ्या कानात आजोबांचा ‘ता’ होता, रस्त्यावरून गेलेल्या शेकडो पखवाज्यांचा ‘ता’ होता. प्रत्येक थापेला कान तिथल्या तिथे निकाल देई. वारसा म्हणून जे मिळालं ते सगळं कानाला मिळालं होतं, हाताच्या वाट्याला त्यातलं काही आलं नव्हतं. आपल्या घरातल्या, आपल्या मातीतल्या गोष्टी आपल्याला आपोआप येतील असं आपण फार सहज धरून चालतो. त्या ऐकू येतात, ओळखू येतात, डोळ्यांत पाणी आणतात. करायला गेलं की परक्या माणसाइतकीच मेहनत पडते, आणि शिवाय घरचा कान समोर बसलेला असतो.

गुरुजींना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग चांगलंय की. कान नसलेल्यांना मला सगळं सांगावं लागतं.” आणि पुन्हा ‘ता’.

पखवाज हा पंजाचा बाज आहे. तबल्यात बोटांचं नाजूक काम असतं, डग्ग्यावर मनगट दाबून घसीट काढता येते. इथे सगळं उघड्या हाताने. ‘ग’ला डावा पंजा कणकेवर पडून उठतो, ‘क’ला पडून तिथेच थांबतो. ‘दिं’ला उजवा पंजा शाईवर मोकळा पडतो. ‘ता’ आणि ‘ग’ एकाच क्षणी पडले की ‘धा’. हे एकेक करून मी शिकले. खरी लढाई ‘तिट’ची आहे. ‘ति’ला पंजाची करंगळीकडची बाजू शाईवर पडते, ‘ट’ला तर्जनीकडची, म्हणजे पंजा दोन्ही बाजूंना झुलला पाहिजे. ठाय लयीत तो झुलतो. दुगुणीत झुलतो. चौगुणीत मनगट आपोआप कुलूपबंद होतं, कोपरापासून खांद्यापर्यंत सगळा हात लाकूड होतो आणि दोन बोलांचा एकच खडबडाट होतो. गुरुजी वाजवतात तेव्हा त्यांचा खांदा पाहावा. तो हलत नाही, ताठही नसतो. “वेग वाढला की सैल व्हायचं,” ते म्हणतात. शरीर नेमकं उलट करतं, आणि त्याला उलट्याचं सुलट करायला लावणं हेच या वयातलं शिकणं आहे.

तोंडाने मात्र मी चौगुण म्हणू शकते. पढंत हा या शिक्षणाचा कणा आहे. हातावर टाळी-खाली धरायची आणि बोल म्हणायचे: धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. बारा मात्रांचा चौताल. ‘दिं ता’ येतं तिथे डावा हात मोकळा असतो आणि धुमा, म्हणजे डावं तोंड, गप्प होतो. तिथेच तालाची खाली आहे. हे वहीत वाचून कळलं नव्हतं, म्हणताना कळलं. गुरुजी वही उघडू देत नाहीत. बोल आधी जिभेवर बसला पाहिजे, मग मांडीवर वाजला पाहिजे, मग वाद्यावर. जीभ आणि हात यांच्यात जे अंतर आहे ते पुन्हा कान आणि हात यांच्यातलंच अंतर, पण पढंतीमुळे ते मोजता तरी येतं. कुठल्या लयीला जीभ पोचते आणि हात कुठे सुटतो, हे स्वच्छ दिसतं.

दिंडीतला धुमाळी ठेका शिकायला आलेल्या बाईला चौताल कशाला, असा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला. गुरुजींचं उत्तर परंपरेतच आहे. महाराष्ट्रात पखवाजाचे दोन प्रवाह आहेत असं आपण मानतो, एक कीर्तन-भजनाचा आणि एक ध्रुपद-धमाराचा, पण ते वरच्या अंगाला एकाच ठिकाणी मिळतात. एकोणिसाव्या शतकातले नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे. लहानपणी ते कीर्तनात साथ करत असत असं सांगतात. काशीला बाबू जोधसिंहांकडे त्यांनी विद्या घेतली, पुढे इंदूरला होळकरांच्या आश्रयाने राहिले, आणि त्यांच्या नावाने घराणं उभं राहिलं. कुदऊसिंह या पखवाजींच्या घराण्याचा बाज भारदस्त, जोरकस. पानसे घराण्याचा मुलायम आणि गतिमान. सखारामपंत आगळे, गोविंदराव बुऱ्हाणपूरकर अशी त्यांची परंपरा पुढे चालली. म्हणजे कीर्तनातला हात दरबारात गेला, तिथे घडला, आणि त्याचे बोल शिष्यांच्या शिष्यांकडून फिरून पुन्हा मठामंदिरांत आले. दिंडीत उत्तम वाजवणाऱ्याच्या थापेत चौताल असतोच, तो वाजवत नसला तरी.

शेवटी गुरुजींनी मला भजनाला बसवलं. आमच्या वस्तीतल्या विठ्ठलमंदिरात एकादशीला भजन असतं. तोवर मी बंद खोलीत, मोबाइलवरच्या तानपुऱ्याबरोबर वाजवत होते. देवळात पंचवीस-तीस टाळ होते. हातोडीने गजऱ्यावर वरून ठोकत उजवी पुडी गायकांच्या पट्टीला चढवली, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे सारखे केले, डावीची कणीक जुळवली. रूपाचा अभंग सुरू झाला तोवर सगळं ठीक होतं. मग गजर आला, टाळ उचलले गेले, आणि मला माझा पखवाज ऐकू येईनासा झाला.

हे मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. खोलीत कान प्रत्येक थापेवर पहारा देत असे. तो माझा छळ होता आणि माझा आधारही. इथे टाळांच्या त्या भिंतीत कान निकामी झाला. ‘ता’ गातोय की मेलाय, कणीक वाळून धुमा चढलाय का, काहीच कळत नव्हतं. समोरच्या गायकाचे ओठ दिसत होते, टाळकऱ्यांचे हात एकत्र मिटताना दिसत होते, आणि मांडीला खोडाचा कंप लागत होता. तेवढ्यावर चालायचं होतं. गायक धृपदावर परत आले की लय किंचित पुढे सरकते. ती सरकवायची गायकाने आणि सावरून धरायची पखवाज्याने. पुढे धावला तर टाळकरी फुटतात, मागे राहिला तर अभंग ओढला जातो. हाताने काय करायचं ते हातालाच ठरवावं लागत होतं. आठवडेच्या आठवडे घोटलेला ‘ता’, झुलणारा पंजा, सगळं त्या दिवशी कानाच्या परवानगीशिवाय चाललं.

भजन संपल्यावर मी गुरुजींकडे पाहिलं. ते मागच्या खांबाला टेकून उभे होते, तिथून त्यांना सगळं ऐकू आलं असणार. “उजवा हात दबलाय,” ते म्हणाले. “लय सोडली नाहीत. टाळकऱ्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे ते तुमच्यावर उभे होते.” त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळालं याचं मला अजून मोल वाटतं. एक वयस्क टाळकरी बाई जवळ येऊन पखवाजावर हात ठेवून म्हणाल्या, “आमच्यात कुणी शिकली नाही गं बाई. माझ्या नातीला पाठवू का?” ती मुलगी आता दर रविवारी येते. गुरुजींनी तिच्या हातातही आधी कणीकच दिली. तिचा ‘ता’ माझ्यापेक्षा लवकर गायला लागला, आणि ती वाजवायला लागली की मी माझं थांबवून ऐकते.

मला त्यांनी नवं काम दिलं आहे. चौताल काही काळ बाजूला. फक्त धुमाळी, आणि तीही उभ्याने, चालत. दिंडीत बसून वाजवता येत नाही. पट्टा गळ्यात घेतला की वाद्य पोटाशी येतं, मांडीचा आधार जातो, दोन्ही कोपरांचे कोन बदलतात आणि ओझं मानेवर येतं. शिवाय आषाढातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो, म्हणून मध्येच हातोडी काढून चढवायलाही यायला हवं. मी रोज संध्याकाळी गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. उजवा हात बऱ्यापैकी सुटा झाला आहे. डावा अजून पायांशी बांधलेला आहे: पाऊल पडतं तिथे धुमा पडतो, मग तिथे मात्रा असो वा नसो. गुरुजींनी त्यावर पावलं मुद्दाम आडलयीत टाकत चालायला सांगितलं आहे, सध्या तेच चालू आहे.